थांबलं की पाखरं बसतात

माघ लागला की माझा घसा खवखवायला लागतो. हे मी कोणत्याही डॉक्टरांना सांगत नाही. दिवसभर डॉक्टरांमध्येच वावरते आणि घशाला काहीही झालेलं नाही हे मला त्यांच्याआधी कळतं. पुण्यात सकाळी खिडकी उघडली, ती कोरडी थंडी गालाला लागली, की माझ्या गावी, अंथुर्ण्याच्या रानात शाळूचा, म्हणजे थंडीतल्या ज्वारीचा, दाणा चिकात भरला असणार हे कॅलेंडर न बघता समजतं. आणि शाळूत दाणा भरला की मला मोठ्याने ओरडावंसं वाटतं. तेही इंग्रजीत.

कुणाला हसायचं तर हसू दे. माझ्याबरोबरीच्या बायका कुठल्या कुठल्या कॉन्व्हेंटची नावं सांगतात. मला विचारलं की मी सांगते, इंग्रजी शिकले ज्वारीच्या माळ्यावर. पहिल्यांदा सगळ्यांना ती चेष्टा वाटते.

माळा म्हणजे चार मेढी रोवून, वर आडवी लाकडं बांधून, त्यावर कडबा पसरून केलेली बसायची जागा. ज्वारीच्या कणसांच्या वर डोकं निघेल एवढी उंच. कालव्याचं पाणी आमच्या बांधापर्यंत येता येता थकायचं, त्यामुळे कालव्यालगतच्या रानांत ऊस आणि आमच्या रानात शाळू. दाणा भरला की पाखरांना कुठून निरोप जातो कोण जाणे. चिमण्या असायच्या, राघू असायचे, पण खरी धाड भोरड्यांची. गुलाबी पोटाच्या, काळ्या डोक्याच्या, ढगासारख्या यायच्या आणि उतरल्या की कणीस मोकळं करूनच उठायच्या. सकाळी उन्हं वर येईपर्यंत आणि दुपार कलली की अंधार पडेस्तोवर त्यांना बसू द्यायचं नाही, याचं नाव राखण. हातात गोफण, जवळ ढेकळांचा ढीग आणि तोंडाने आरोळ्या.

त्या वर्षी राखणीला मी होते. नव्वदच्या पुढची ती वर्षं, गावात टीव्हीवर सगळं जग दिसायला लागलेलं. मी मात्र बारावी होऊन घरी बसलेली, कारण आदल्या जूनमध्ये मी बारामतीत गप्प बसून आले होते.

त्याचं असं झालं. मला नर्स व्हायचं होतं. पुण्याच्या एका दवाखान्याची नर्सिंगची शाळा दरवर्षी बारामतीत येऊन मुली निवडायची. मार्क माझे चांगले होते, इंग्रजीतले तर विशेषच. उरली होती फक्त मुलाखत, आणि ती इंग्रजीत. टेबलापलीकडे बसलेल्या मेट्रनबाई केरळकडच्या, त्यांना मराठी येत नव्हतं. त्यांनी साधा प्रश्न विचारला, तुला नर्स का व्हायचंय? उत्तर मला येत होतं. लिहायला सांगितलं असतं तर पान भरून दिलं असतं. पण तोंड उघडेना. मी टेबलावरच्या कापडाची नक्षी बघत बसले. बाईंनी बराच वेळ वाट पाहिली, दुसऱ्या शब्दांत विचारलं, शेवटी मायेने ‘थँक यू’ म्हणाल्या. ते ‘थँक यू’ मला अजून ऐकू येतं.

परत येताना इंदापूरच्या एस.टी.त तात्या, म्हणजे माझे वडील, शेजारी बसले होते. सणसर गेल्यावर म्हणाले, “काय इचारलं हुतं?”

मी प्रश्न सांगितला आणि उत्तरही सांगितलं, मराठीत, सगळं. आजीच्या आजारपणात दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला नावाने हाक मारली होती, तिथून माझ्या मनात हे आलं, असं ते उत्तर होतं. तात्यांनी ऐकून घेतलं.

“म्हंजी तुला येत हुतं.”

“येत हुतं.”

“मग आतच राह्यलं म्हणायचं,” ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

त्यात एक गोष्ट होती, आणि ती आम्हा दोघांनाही माहीत होती. आमच्या घरात आवाज नव्हता. माणसं होती, बोलणंही होतं, पण सगळं हळू. आजोबांच्या उमेदीत आमच्या माणसांना गावात मोठ्याने बोलायची मुभा नव्हती. पुढे त्यांनी धम्म घेतला, गावकीची कामं सोडली, मुलाला शाळेत घातलं. मान वर झाली, गळा मात्र खालीच राहिला. तो तात्यांकडे आला आणि तात्यांकडून माझ्याकडे. भिंतीवरच्या फोटोतल्या बाबांच्या हातात पुस्तक होतं, ते आम्ही मनावर घेतलं आणि वाचायला शिकलो. त्यांनी दुसरा हात उंचावलाय, तो बोलण्यासाठी, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

ओढ्यापलीकडच्या रानात सगळं उलट होतं. तिथे नंदा. तिच्या आजोबांनी हयातभर मेंढरं राखलेली. माळावर लांब गेलेलं मेंढरू वळवायचं तर आवाजच लागतो. मेंढरं विकून त्यांनी शेती धरली, पण आवाज विकला नाही. त्यांच्या घरात कुणी ‘मीठ दे’ म्हटलं तरी आमच्या चुलीपाशी ऐकू यायचं. नंदा माझ्याच वर्गातली, दहावीला इंग्रजीत गेलेली, आणि त्याचं तिला तिळभरही दुःख नव्हतं. तिच्या घरच्यांनाही तिच्या नापास होण्यापेक्षा राखणीला माणूस मिळाल्याचंच जास्त समाधान होतं.

तर माघात दोन रानांत दोन माळे, आणि दोन्हींवर आम्ही दोघी. नंदा पहाटेपासून जी तोंड सोडायची ती थांबायची नाही. पाखरांना शिव्या, भावजयीला टोमणे, लग्नातली गाणी, मध्येच “हाऽऽऽ हुर्रर्र” अशी आरोळी. तिच्या रानावर पाखरू टेकायचं नाही. मी आपली मुकाट गोफण फिरवत बसायचे. खांदा भरून यायचा आणि नंदाने उठवलेल्या भोरड्या निवांत माझ्याकडे येऊन बसायच्या.

एकदा तात्या रानात आले. मोकळी झालेली कणसं हातात धरून बघितली आणि माळ्याखाली उभे राहिले.

“नुसती गोफण फिरवून काय व्हतंय? तोंड चालव.”

“काय बोलू?”

“काय बी बोल. पाखराला कुठं अर्थ लागतोय?” मग जणू आत्ताच सुचल्यासारखं म्हणाले, “ते विंग्रजी हाय न्हवं आत राह्यलेलं? ते काढ भाईर.”

मी वरून त्यांचा चेहरा बघितला. ते चेष्टा करत नव्हते. पंच्याने मान पुसत म्हणाले, “माझा बाप गावात आवाज खाली ठिऊन बोलला. मी बी तसाच. तू मोठ्यानं बोल. हितं कोन हाय ऐकायला? आनि एक ध्यानात ठेव. थांबलं की पाखरं बसत्यात.”

पहिल्या दिवशी मी पाठ केलेला निबंध म्हटला. शाळेत इंग्रजीत घोटून घेतलेला, ‘माझं गाव’. सूर्य उगवतो, पक्षी किलबिलतात, वगैरे. निबंध संपला, मी थांबले, पक्षी किलबिलत कणसांवर बसले. पुन्हा पहिल्यापासून म्हटला. दुसऱ्या दिवशीही तोच. तिसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडून नंदा ओरडली, “अगं, रोज एकच दळण किती दळतीस? पाखरांचं बी पाठ झालं आसंल. काय तरी नवं सांग की.”

नवं काय सांगणार? समोर जे दिसतंय ते. भोरड्या कालव्याकडून येतायत. पाटलांच्या गड्याची बैलं आज लवकर सुटली. थंडी आहे. भाकरी अजून आली नाही. इतक्या सोप्या गोष्टी, आणि त्यातली एकही मला इंग्रजीत धड म्हणता येईना. पाचवीपासून मी इंग्रजी शिकत होते, पण ते सगळं डोळ्यांनी आणि बोटांनी. जिभेला त्यातलं कुणी काही विचारलंच नव्हतं. एकेक वाक्य मनात मराठीत मांडायचं, मग शब्द शोधायचे, मग ते ओळीत लावायचे, आणि तोवर खालचं वाकडं कणीस रिकामं. आठ वर्षांत कुणा गुरुजींना जमलं नाही ते भोरड्यांनी करून दाखवलं. त्यांनी मला विचार करायला वेळच दिला नाही.

आणि मग एके दिवशी शब्द अडला तेव्हा मी न थांबता ओरडले, “द बर्ड इज सिटिंग ऑन द कणीस!” पाखरू उठलं. चुकीच्या वाक्यानेही उठतं, हा शोध मला त्या सकाळी लागला. लाल शाई नाही, पट्टी नाही, वर्ग हसत नाही. कागदावरची चूक लाल गोलात अडकून कायमची समोर राहते. तोंडातली चूक थंड हवेत वाफेसारखी जाते आणि मागून दुसरं वाक्य येतं, ते थोडं बरं असतं.

नंदाने हे ऐकलं. “मला बी शिकव. मी नापास झाले ती लिव्हण्यात. बोलण्यात माजी परीक्षा घेतली का कुणी?”

मग आमची शाळा भरू लागली. मी ओढ्यापलीकडे शब्द फेकायचे आणि ती ते झेलून लगेच वापरायला घ्यायची, बरोबर चूक बघत बसायची नाही. “यू! टुडे भाकरी व्हॉट?” असं तिचं खणखणीत यायचं. “टुडे भाकरी विथ पिठलं!” मी म्हणायचे. “व्हाय पिठलं? एवरीडे पिठलं?” हे आमचं पहिलं इंग्रजी संभाषण. ते मी ज्यांना ज्यांना सांगितलंय ते हसलेत, पण ते संभाषण होतं. तिने विचारलं, मी उत्तर दिलं, तिला कळलं आणि तिला राग आला. आठ वर्षांच्या अभ्यासात माझ्या इंग्रजीचा कुणाला साधा राग आला नव्हता.

नियम नंदानेच केला. शब्द अडला तर मराठी घाल, हात कर, तोंड वेडंवाकडं कर, पण थांबायचं नाही. जी थांबेल तिच्या नावाने दुसरीने “हाऽऽऽ हुर्रर्र” अशी आरोळी ठोकायची. सुरुवातीला सगळ्या आरोळ्या माझ्याच नावाच्या. नंदाचं सगळं बोलणं वर्तमानकाळातलं. तिची मेलेली आजीसुद्धा इंग्रजीत जिवंत असायची. पण ती अडायची नाही. मला काळ सगळे माहीत होते आणि मीच अडायचे. हळूहळू माझे काळ आणि तिचा दम एकमेकींना मिळाले. माघ निम्मा सरला तेव्हा मला कळलं की मी मराठीत मांडणी करणं सोडून दिलंय. भोरड्या दिसल्या की वाक्य आपोआप तोंडात यायला लागलं होतं. पोटातून, श्वासाबरोबर. भाषा डोक्यात असते असं म्हणतात. माझी तरी आधी बरगड्यांत आली.

रस्ता जवळच होता. ल्यूनावरून जाणारा एक ओळखीचा गडी एकदा थांबला आणि बांधाशी असलेल्या तात्यांना म्हणाला, “तात्या, पाखरं लंडनची आलीत का काय औंदा?”

“व्हय,” तात्या खुरपं न थांबवता म्हणाले. “भोरडी लांब परमुलखातनं येतीया. तिला मराठी कळत न्हाय.”

गडी हसत गेला. मी मात्र वर बसून बघत होते, कारण तात्या हे मोठ्याने बोलले होते. रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाईल इतकं. भोरड्या खरंच परदेशातून येतात हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. तात्यांना ते ठाऊक होतं की त्यांनी टोला मारला होता, हे मी कधी विचारलं नाही.

ज्वारी काढली, मळली, कडब्याच्या गंजी लागल्या. माळे मोडले तरी आम्ही ओढ्याच्या दोन्ही काठांवर उभ्या राहून बोलत राहिलो. आणि जून आला. घरात कुणी उच्चार केला नाही, पण ही शेवटची खेप होती हे सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्यांदा गप्प राहिलेल्या मुलीला तिसऱ्यांदा कोण बोलावणार?

तात्या, मी आणि नंदा असे तिघे बारामतीला गेलो. नंदाला का नेलं, तर तिने एस.टी.त जागा धरली होती म्हणून. तेच कॉलेज, तोच हॉल, टेबलावर तेच नक्षीचं कापड आणि त्याच मेट्रनबाई. त्यांनी मला ओळखलं असावं. पुन्हा तोच प्रश्न, नर्स का व्हायचंय? मी सांगितलं. आजीचं आजारपण, नावाने मारलेली हाक, सगळं. बाईंनी दोन्ही हात थोडे वर केले आणि म्हणाल्या, मुली, हळू बोललीस तरी चालेल, मी इथेच बसले आहे. मला हळू बोलता येईना. माझ्या इंग्रजीला तो एकच आवाज होता.

मग त्यांनी न घोटलेला प्रश्न विचारला. एखादा पेशंट तुझ्याशी बोलायलाच तयार नसेल, तर तू काय करशील?

आणि मी थांबले. पेशंट न बोलणारा म्हणजे मीच, गेल्या वर्षीची, याच खुर्चीतली, असं काहीतरी मनात आलं आणि आतच राहिलं. टेबलावरची नक्षी पुन्हा दिसायला लागली. बाई वाट बघत होत्या. ते ‘थँक यू’ त्यांच्या ओठांवर येतंय असं मला वाटलं.

तेवढ्यात बाहेरच्या व्हरांड्यातून आलं, “हाऽऽऽ हुर्रर्र!”

अख्खं कॉलेज दणाणलं. शिपाई धावल्याचा आवाज आला. मेट्रनबाई दचकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हे काय आहे?

“माय फ्रेंड, मॅडम,” मी म्हणाले. “व्हेन आय स्टॉप, शी शाउट्स. बिकॉज ऑफ द बर्ड्स.”

आता हे अर्धवट सोडता येणार नव्हतं. मग मी सांगत सुटले. शाळू, माळा, भोरड्या, गोफण, सगळं. कणसाला इंग्रजी शब्द आठवेना, तर कणीसच म्हटलं आणि हाताने दाखवलं. बाईंनी विचारलं, कणीस म्हणजे? मी ते समजावलं, त्यांनी पुन्हा काही विचारलं, मी पुन्हा सांगितलं. आणि शेवटी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझं मलाच सापडलं. म्हटलं, जो पेशंट बोलत नाही, त्याच्याशी मी बोलत राहीन. समोर दिसेल ते बोलेन. खिडकी, जेवण, ऊन. आतलं बाहेर यायला वेळ लागतो, मॅडम. माझं यायला एक वर्ष लागलं. तोवर दुसऱ्याने बोलत राहावं लागतं.

 बाईंनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि हसून म्हणाल्या, पुण्याला यायच्या आधी तुझ्या मैत्रिणीला सांग, शिपायाची क्षमा माग. माझी निवड झाली हे मला त्यावरून कळलं.

बाहेर नंदा शिपायाशी इंग्रजीत भांडत होती. “आय नो शाउट! आय हेल्प!” शिपाई मराठी माणूस, तो पार गोंधळलेला. मला बघून ती म्हणाली, “तुजा आवाज थांबला. म्हणलं, बसली पाखरं.” तात्या खांबाला टेकून उभे होते. त्यांना माझ्या बोलण्यातलं काही कळलं नव्हतं, पण म्हणाले, “आतनं सगळं हितवर ऐकू येत हुतं.” एवढंच म्हणाले, आणि रुमालाने चेहरा पुसला. एस.टी. स्टँडवर त्यांनी आम्हा दोघींना उसाचा रस पाजला आणि रसवाल्याला, त्याने काही विचारलं नसताना, मोठ्याने सांगितलं की ही माझी मुलगी, नर्सिंगला लागली.

आज मी वॉर्डाची प्रमुख आहे. खेड्यातून आलेल्या नव्या मुली पाळी बदलताना पेशंटची माहिती कागदावर सुरेख लिहितात आणि सांगायची वेळ आली की टेबलाकडे बघतात. मी त्यांच्या हातातला कागद काढून घेते. म्हणते, तोंडाने सांग, चुकलीस तर चुकलीस, मध्ये मराठी आली तर येऊ दे, पण थांबू नको. मुली मला खडूस म्हणतात हे मला माहीत आहे. तीन महिन्यांनी त्याच मुली फोनवर परराज्यातल्या डॉक्टरांशी तावातावाने बोलताना दिसतात, तेव्हा मला जो आनंद होतो तो मी चेहऱ्यावर दाखवत नाही.

या माघात चार दिवस अंथुर्ण्याला जाऊन आले. शाळू आता दिसत नाही फारसा, सगळीकडे ऊस आणि डाळिंब. तात्यांनी मात्र हट्टाने एक पट्टा ठेवलाय, घरापुरता. माळा नाही. त्याच्या जागी एका खांबावर पाखरं हाकलायचं यंत्र आहे. ठराविक वेळाने त्यातून ससाण्याचा आवाज येतो, मग माणसाची आरोळी, मग पुन्हा ससाणा. रोज तेच, त्याच क्रमाने. भोरड्या त्या यंत्राच्या कर्ण्यावरच बसून होत्या. ‘माझं गाव’ निबंधच की हा, मी मनात म्हटलं.

नंदा माहेरी आली होती. ती सांगवीला दिलेली. तिकडे तिची स्वतःची द्राक्षबाग आहे आणि माल दक्षिणेकडच्या व्यापाऱ्यांना जातो. दहावी ती पुढे पास झाली, तीही इंग्रजीत काठावर. आम्ही रानात तात्यांच्या खाटेजवळ हुरडा खात बसलो होतो, तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती उठली, पदर खोचला आणि बांधावरून चालत बोलायला लागली. “नो, नो, यू लिसन! माय ग्रेप्स स्वीट! यू कम, यू ईट, देन यू टॉक रेट!” सगळं अजून वर्तमानकाळात. आवाजही तोच, फोन असला तरी व्यापारी ओढ्यापलीकडे उभा आहे असा.

आणि ज्वारीवरच्या सगळ्या भोरड्या एकदम उठल्या.

“बघ,” तात्या म्हणाले. आता त्यांना नीट दिसत नाही, पण पंखांचा आवाज ऐकू येतो. “यंत्राला भीत न्हाईत. नंदीला भित्यात.”

नंदाने सौदा तिला हव्या त्या दराने पक्का केला, हसली, फोन बंद केला आणि हुरड्याच्या ताटलीकडे आली. रान शांत झालं. भोरड्यांनी कालव्यावर एक वळण घेतलं आणि परत आमच्याकडे यायला लागल्या. तात्यांनी काठीने माझ्या पायाला हळूच टोचलं.

“आता तू.”

मी चपला काढल्या, बांधावर चढले, पोटात श्वास भरला आणि ओरडले. आवाज गावापर्यंत गेला.